आधी पाहा, मग सही करा

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या हैदराबादच्या कंपनीचे संस्थापक अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांचे पत्र संचालक मंडळासह सेबी आणि शेअर बाजारांच्या हाती पडले. त्यात कबुली होती. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या नसलेल्या ठेवींवर ३७६ कोटींचे व्याज जमा धरले होते. १,२३० कोटींचे देणे हिशेबात आलेच नव्हते. येणे रकमेत ४९० कोटी फुगवले होते. त्या दिवशी बाजार बंद झाला तेव्हा सत्यमच्या शेअरने आपले तीन चतुर्थांशाहून अधिक मूल्य गमावले होते. देशातली चौथ्या क्रमांकाची आयटी कंपनी म्हणून जिचा उल्लेख होई, तिच्यात पुढच्या महिन्याचा पगार कुठून येणार हे कुणालाही सांगता येत नव्हते.

हा दिवस दरवर्षी येतो आणि 'भारताचा एन्रॉन' या शीर्षकाखाली दोन ओळींत आटोपला जातो. एका माणसाचा लोभ, एका कुटुंबाचे जमिनीचे वेड, एक सनसनाटी कबुलीपत्र, एवढ्यावर आठवण थांबते. आमच्या मते या दिवसाचा खरा धडा वेगळा आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. सत्यममध्ये नियमांची उणीव नव्हती. जे नियम आज आपण सुरक्षेचे कवच मानतो, त्यांतले बरेचसे त्या कंपनीला तेव्हाही लागू होते. त्या नियमांनुसार लागणाऱ्या सह्याही वेळच्या वेळी झाल्या होत्या. सही करण्याआधी कुणी पाहिले नव्हते.

हे नीट समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतली एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि जून २००२ मध्ये वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीतला घोटाळा उघड झाला. त्यानंतर ३० जुलै २००२ रोजी तिथे सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. त्याच्या कलम ३०२ ने कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य वित्त अधिकारी यांना व्यक्तिशः बांधून घेतले. हा अहवाल आम्ही वाचला आहे, त्यात दिशाभूल करणारे काही नाही, माहिती वेळेवर आमच्यापर्यंत पोहोचावी अशी व्यवस्था आम्ही उभी केली आहे आणि ती चालते की नाही हे तपासले आहे, असे त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचे. कलम ४०४ ने आर्थिक अहवालांवरच्या अंतर्गत नियंत्रणाचे मूल्यमापन सक्तीचे केले. सत्यमचे रोखे २००१ पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेले असल्याने हा कायदा तिला लागू होता. भारतात सेबीने सूचीबद्धता कराराचे सुधारित कलम ४९ १ जानेवारी २००६ पासून अमलात आणले. त्यातही स्वतंत्र संचालक, ऑडिट कमिटी आणि मुख्य अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र या साऱ्याची तरतूद होती. सत्यमच्या संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक, माजी कॅबिनेट सचिव आणि इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते. हिशेब तपासायला जगातल्या चार मोठ्या नावांपैकी एक नाव होते. सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे कबुलीपत्राच्या जेमतेम चार महिने आधी, उत्तम कंपनी प्रशासनासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कार कंपनीला मिळाला होता. पुढे तो काढून घेण्यात आला.

एवढी तटबंदी असताना ५,०४० कोटींचे भगदाड वर्षानुवर्षे दिसले कसे नाही? याचे उत्तर आकड्यांतच आहे. त्या सप्टेंबर तिमाहीत सत्यमने २,७०० कोटींचा महसूल आणि ६४९ कोटींचा परिचालन नफा जाहीर केला होता. खरा महसूल २,११२ कोटी होता आणि खरा नफा ६१ कोटी. दोन्हींतली तफावत काढा. ती नेमकी ५८८ कोटींचीच निघते. खोट्या विक्रीला खर्च नसतो. माणसे लागत नाहीत, प्रवास लागत नाही, वीज लागत नाही. त्यामुळे खोट्या महसुलाचा प्रत्येक रुपया थेट नफ्यात जाऊन बसतो. हिशेबशास्त्राचा नियम असा की नफा कुठेतरी मालमत्ता होऊन दिसावा लागतो. आधी तो ग्राहकांकडून येणे रकमेत दिसतो. पण तिथे फार काळ ठेवता येत नाही, कारण वसुली का होत नाही असा प्रश्न लगेच येतो. मग पैसे आले असे दाखवावे लागते. आले म्हणजे बँकेत आले. अशा रीतीने प्रत्येक तिमाहीचे खोटे शेवटी बँकेच्या शिलकेत साठत गेले.

याचा दुसरा अर्थ असा की सगळे खोटे एकाच जागी गोळा झाले होते आणि ती जागा तपासायला ताळेबंदातली सर्वांत सोपी जागा होती. कारखान्यातला माल मोजणे अवघड असते. अर्धवट बांधलेल्या पुलाची किंमत ठरवणे वादाचे असते. बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे बँकेला एक पत्र लिहिले की कळते. लेखापरीक्षणाचा हा पहिल्या वर्षाचा धडा आहे. ऑडिटरने बँकेला स्वतः पत्र पाठवायचे, बँकेने उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर धाडायचे आणि मधे कंपनीचा हात लागू द्यायचा नाही. सत्यममध्ये हा हातच मधे होता. अमेरिकेच्या रोखे नियामकाने एप्रिल २०११ मध्ये दिलेल्या आदेशात याच गोष्टीवर बोट ठेवले: बँकेकडून खातरजमा करून घेण्याची प्रक्रिया ऑडिटरने आपल्या ताब्यात ठेवलीच नाही, ती कंपनीच्या व्यवस्थापनावर सोपवली. बनावट बँक स्टेटमेंटे आणि बनावट ठेवपावत्या त्यामुळे खपून गेल्या. टपालाचे एक पाकीट कुणी पाठवायचे आणि कुणी उघडायचे, एवढाच हा प्रश्न होता.

दुसरी गोष्ट बिलांची. सत्यममध्ये इनव्हॉइस तयार करणारी संगणकप्रणाली होती. तिला वळसा घालून, विशेष अधिकारांच्या लॉगिनने, हजारो खोटी बिले आत घुसवली गेली. अमेरिकी नियामकाच्या तक्रारीत हा आकडा सहा हजारांहून अधिक आहे. ज्या विभागाने काम केले असे बिलात म्हटले होते, त्या विभागाच्या माणसांना ही बिले पडद्यावर दिसतच नसत. वित्त विभागाच्या बेरजेत मात्र ती धरली जात. ज्याला खरे-खोटे ठाऊक असते त्याच्यापासून नोंद लपवायची आणि ज्याला फक्त बेरीज करायची आहे त्याला ती दाखवायची, अशी ही रचना होती. अंतर्गत नियंत्रण या जड शब्दामागे जे काही आहे, ते या एका उदाहरणात सापडते. नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. विशेष अधिकाराचे लॉगिन कुणाकडे आहे आणि त्याने काय केले, याची पुसता न येणारी नोंद राहावी. ज्याच्या नावावर व्यवहार पडतो त्याला तो दिसावा. आपल्याकडचा साधा दुकानदारही गल्ला आणि वही एकाच नोकराच्या हाती देत नाही. एवढे शहाणपण कोट्यवधींच्या कंपनीत टिकवण्याचे शास्त्र म्हणजेच अंतर्गत नियंत्रण.

पण शास्त्र कितीही चांगले असले तरी ते चालवणारी माणसे लागतात. इथे वर्ल्डकॉमची आठवण काढायला हवी. तो घोटाळा सरकारने शोधला नाही आणि बाहेरच्या ऑडिटरनेही नाही. तो शोधला कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर यांनी. मिसिसिपी राज्यातल्या क्लिंटन या छोट्या गावात कंपनीचे मुख्यालय होते. कूपर आणि त्यांचे सहकारी रात्री थांबून, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, नोंदी उपसत राहिले. इतर कंपन्यांच्या लाइनी वापरण्याचे भाडे, म्हणजे रोजचा खर्च, मालमत्ता म्हणून दाखवला गेला होता. ३८० कोटी डॉलरची ती तफावत होती. पुढे तपासात ती ११०० कोटी डॉलरच्या घरात गेली. ही तपासणी पुढच्या तिमाहीवर ढकला, असे मुख्य वित्त अधिकाऱ्याने कूपर यांना सुचवले होते. त्यांनी ते मानले नाही आणि ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे गेल्या. ऑडिट कमिटीने ऐकले. काही दिवसांतच कंपनीने सत्य जाहीर केले आणि वित्त अधिकाऱ्याला काढले.

सत्यममध्ये याच्या अगदी उलट घडले. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ज्या दहा जणांना दोषी ठरवले, त्यांत अध्यक्ष होते, वित्त अधिकारी होते, बाहेरचे दोन ऑडिटर होते आणि कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाचे प्रमुखही होते. ज्याने घंटा वाजवायची, तोच आरोपींच्या पिंजऱ्यात उभा राहिला. आणि जेव्हा एक घंटा वाजली, तेव्हा ती ऐकली गेली नाही. डिसेंबर २००८ मध्ये एका संचालकाला टोपणनावाने ई-मेल आला होता. कंपनीकडे रोकड नाही, बँकांकडे विचारले तर कळेल, असा त्याचा आशय. तो ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे गेला, तिथून ऑडिटरकडे गेला. कागद पुढे सरकला, पण बँकेच्या दारात कुणी गेले नाही. त्याच महिन्यात, १६ डिसेंबरला, राजू कुटुंबाशी संबंधित मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा प्रस्ताव याच संचालक मंडळाने मंजूर केला. गुंतवणूकदारांच्या उद्रेकामुळे तो काही तासांतच मागे घ्यावा लागला. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता, हे राजूंच्या पत्रातूनच कळले. प्रस्ताव संचालक मंडळाने नव्हे, बाजाराने रोखला, ही गोष्ट स्वतंत्र संचालक म्हणवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

त्यानंतर देशाने हातावर हात धरून वेळ काढला नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारने दोन दिवसांत जुने मंडळ हटवले. दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन आणि पुढे त्यांच्या जोडीला आलेल्या मंडळींनी पगाराचे पैसे उभे केले, ग्राहकांना धीर दिला आणि एप्रिल २००९ मध्ये कंपनी टेक महिंद्राच्या हाती सोपवली. २०१३ मध्ये सत्यम पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रात विलीन झाली. एका बुडत्या कंपनीतील हजारो नोकऱ्या आणि तिचे ग्राहक यांना वाचवण्याचे ते काम आपल्या सार्वजनिक जीवनातले एक उत्तम उदाहरण आहे.

कायद्यातही मोठे बदल झाले. प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले शेअर जाहीर करण्याचे बंधन सेबीने त्याच जानेवारी महिन्यात आणले. कंपनी कायदा, २०१३ ने अंतर्गत वित्तीय नियंत्रणे पुरेशी आहेत आणि परिणामकारकपणे चालतात, असे संचालकांनी लिहून देणे नोंदलेल्या कंपन्यांना सक्तीचे केले. ऑडिटरलाही त्यावर स्वतंत्र मत द्यावे लागते. ऑडिट फर्मला पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींनंतर बाजूला व्हावे लागते. आतून तक्रार करणाऱ्यासाठी दक्षता यंत्रणा आली आणि तिला ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जाण्याची वाट ठेवली गेली. १ ऑक्टोबर २०१८ रोजी ऑडिटरांवर देखरेख करणारे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. सेबीच्या २०१५ च्या नियमावलीत मुख्य कार्यकारी आणि वित्त अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र कायम राहिले. त्यात नियंत्रणातल्या उणिवा ऑडिटरला आणि ऑडिट कमिटीला सांगितल्या आहेत, असेही लिहून द्यावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद केव्हा बदलली, याची बंद करता न येणारी नोंद राहिली पाहिजे, असा नियम आहे. सत्यमच्या लपवलेल्या बिलांना दिलेले हे उशिरा का होईना पण नेमके उत्तर आहे.

मग आजही या विषयावर अग्रलेख लिहिण्याची वेळ का यावी? कारण समित्या नेमल्या म्हणजे त्या काम करतात असे होत नाही. २०१८ मध्ये मुंबईतला आयएल अँड एफएस समूह ९१ हजार कोटींहून अधिक कर्जाखाली कोसळला. त्याच्या मूळ कंपनीची जोखीम व्यवस्थापन समिती आधीच्या काही वर्षांत एकदाच भरली होती, हे नंतर उघड झाले. समिती होती. तिची बैठक होत नव्हती.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण इंडसइंड बँकेचे. पुण्यात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या या बँकेने १० मार्च २०२५ रोजी शेअर बाजाराला कळवले की डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात विसंगती सापडली असून तिचा फटका निव्वळ मालमत्तेच्या सुमारे २.३५ टक्के असेल. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे २७ टक्के कोसळला. बँकेच्याच अंतर्गत विभागांमधल्या सौद्यांची नोंद चुकीच्या पद्धतीने होत होती आणि मुदतीआधी संपवलेल्या सौद्यांवर कागदोपत्री नफा धरला जात होता. पुढच्या तपासण्यांत हा आकडा १,९६० कोटींवर स्थिरावला. मायक्रोफायनान्सच्या कर्जांवर ६७४ कोटींचे व्याज तीन तिमाहींत चुकीने धरले गेल्याचेही बाहेर आले. एप्रिलच्या अखेरीस मुख्य कार्यकारी अधिकारी आणि उपमुख्य कार्यकारी अधिकारी यांनी राजीनामे दिले. मार्च तिमाहीत बँकेला २,३२९ कोटींचा तोटा झाला. इथे सत्यमसारखी पोकळी नव्हती. बँकेची भांडवली स्थिती समाधानकारक असल्याचे रिझर्व्ह बँकेने लगोलग सांगितले आणि ठेवीदारांचा एक पैसाही बुडाला नाही. तरीही या प्रकरणाने नियंत्रणाची दुसरी बाजू उजेडात आणली, जिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

ही बाजू आहे सांगण्याची. हिशेब खरा असणे ही अर्धी गोष्ट झाली. तो खरा नाही असे कंपनीत कुणाला तरी जाणवल्या क्षणापासून ते भागधारकाला कळेपर्यंतचा रस्ता किती लांब आहे, ही उरलेली अर्धी. २८ मे २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने प्रथमदर्शनी असे नोंदवले की ही विसंगती बँकेतल्या काही वरिष्ठांना जाहीर होण्याच्या बऱ्याच आधी माहीत होती आणि त्या काळात त्यांच्यापैकी काहींनी बँकेचे शेअर विकले. हे आरोप आहेत. अंतिम निर्णय व्हायचा आहे आणि तोवर कुणालाही दोषी धरणे योग्य नाही. पण प्रश्न व्यक्तींपुरता नाही. ट्रेझरी विभागातल्या एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याला काही खटकले, तर ते त्याने कुणाला सांगायचे? त्याच्या वरिष्ठाने ते किती दिवस ठेवायचे? ते ऑडिट कमिटीपुढे कधी आले पाहिजे? रक्कम नक्की झाली नाही म्हणून गप्प बसणे योग्य, की रक्कम तपासली जात आहे एवढे तरी सांगणे योग्य? आणि तोवर ज्यांना माहीत आहे त्यांनी शेअरला हात लावायचा नाही, यावर पहारा कुणाचा?

सेबीच्या नियमांत आज वेळा मोजून दिल्या आहेत. महत्त्वाची घटना कंपनीच्या आतली असेल तर १२ तासांत आणि बाहेरून उद्‌भवलेली असेल तर २४ तासांत ती जाहीर झाली पाहिजे. संचालक मंडळाचा निर्णय त्याहून लवकर कळवावा लागतो. पण घड्याळ सुरू केव्हा होते? माहिती कंपनीच्या वरच्या मजल्यावर पोहोचते तेव्हा. खालच्या मजल्यावर ती सहा महिने अडकून पडली, तर १२ तासांचा नियम पाळूनही भागधारक सहा महिने अंधारात राहतो. म्हणूनच सार्बेन्स-ऑक्सलीने माहिती खालून वर येण्याच्या व्यवस्थेची जबाबदारी सही करणाऱ्यांवरच टाकली. मला कळले नाही, ही सबब त्यामुळे उरत नाही. कळण्याची सोय का केली नाही, हे सही करणाऱ्याला सांगावे लागते. आपल्याकडे प्रमाणपत्राची भाषा या दिशेने गेली आहे. अंमलबजावणीने अजून तो टप्पा गाठलेला नाही.

या सगळ्यावर उद्योगांकडून एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. नियमांचे ओझे वाढते आहे, प्रत्येक व्यवहाराला चार सह्या लागतात, छोट्या कंपन्यांना सल्लागारांची फी परवडत नाही आणि एका लबाडाच्या पापाची शिक्षा शंभर प्रामाणिकांना होते, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. चौकटीत टिकमार्क करण्याचा खेळ झाला की नियंत्रण अधिकच पोकळ होते. वर्षाअखेरीस जुन्याच फाइलवर तारीख बदलून ती पुढे सरकवली जाते. पण यावरचा उपाय नियंत्रण कमी करणे हा नाही. नेमकी जोखमीची जागा ओळखून तिथे खोलवर पाहणे हा उपाय आहे. सत्यमला चारशे कलमांची तपासयादी लागत नव्हती. बँकेला स्वतःच्या हाताने पाठवलेले एक पत्र पुरे होते. नियामकांनीही हे ध्यानात घ्यावे आणि नवा फॉर्म काढण्याआधी जुन्या फॉर्मवर सही करणाऱ्याने खरोखर काय तपासले, हे विचारावे.

आमच्या मते आता चार गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखाची नेमणूक, पगार आणि हकालपट्टी यांचा आढावा ऑडिट कमिटीने घ्यायचा, हे सेबीच्या नियमावलीत आधीच लिहिलेले आहे. ते प्रत्यक्षात उतरले पाहिजे. ज्याच्या खात्याची तपासणी करायची, त्याच अधिकाऱ्याच्या हाती आपली बढती असेल, तर माणूस जपूनच बोलणार. दुसरी, ऑडिट कमिटीने वर्षातून किमान एकदा अंतर्गत आणि बाहेरच्या ऑडिटरांना व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत भेटावे आणि एकच प्रश्न विचारावा: तुम्हाला कोणत्या आकड्याची खात्री वाटत नाही? अशी बैठक झाली की नाही, हे वार्षिक अहवालात छापावे. तिसरी, तक्रार करणाऱ्याच्या पाठीशी कंपनी उभी राहिली की त्याच्या मागे लागली, याची दखल नियामकाने घ्यावी. आवाज उठवणाऱ्याची नोकरी जाते हे एकदा दिसले की दहा वर्षे कुणी तोंड उघडत नाही. चौथी, शिक्षेचा वेग वाढवावा. सत्यमच्या फौजदारी खटल्याचा पहिला निकाल लागायला सहा वर्षे लागली आणि सुमारे महिन्याभरातच दोषींना जामीन मिळाला. ऑडिट फर्मच्या जाळ्यावर सेबीने बंदी घातली ती जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. ती अपिलीय न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये रद्द केली. न्यायाचे निर्णय मान्यच केले पाहिजेत. पण दहा वर्षांनी आलेल्या निर्णयाचा धाक आजच्या सही करणाऱ्याला वाटत नाही, हेही तितकेच खरे.

हा विषय दलाल स्ट्रीटवरच्या मोजक्या मंडळींचा राहिलेला नाही. देशात डिमॅट खात्यांनी २० कोटींचा टप्पा ओलांडला आहे. म्युच्युअल फंडांच्या एसआयपीतून दरमहा २५ हजार कोटींहून अधिक रुपये बाजारात येतात. राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदणी झालेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. चिपळूणची शिक्षिका, नांदेडचा औषध दुकानदार, पिंपरीतला कामगार, निवृत्तीचे पैसे फंडात ठेवलेले म्हापशाचे आजोबा, हे सगळे आज कुठल्या ना कुठल्या नोंदलेल्या कंपनीचे मालक आहेत. त्यांना हैदराबादला किंवा मुंबईला जाऊन वह्या तपासता येणार नाहीत. त्यांच्या वतीने पाहण्यासाठीच ऑडिट कमिटी असते. स्वतंत्र संचालकाला मिळणारे मानधन याच कामाचे असते.

तरीही भागधारकाच्या हातात काहीच नाही असे समजू नका. वार्षिक अहवाल मेलवर येतो आणि न उघडता पडून राहतो. तो उघडा. सगळा वाचायची गरज नाही. ऑडिटरचा अहवाल आणि त्याला जोडलेले अंतर्गत वित्तीय नियंत्रणावरचे मत वाचा. तिथे 'परंतु' असा शब्द आला की थांबा. कंपनी प्रशासनाच्या प्रकरणात ऑडिट कमिटीच्या बैठका किती झाल्या आणि कोण हजर होते, ते पाहा. प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार पाहा. ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर त्याचे कारण वाचा. नफा वाढतो आहे, बँकेत शिल्लक भरपूर आहे आणि तरी कंपनी कर्ज काढते आहे, असे दिसले तर वार्षिक सभेत का म्हणून विचारा. ऑनलाइन मतदानाचा दुवा आला की ऑडिटर आणि स्वतंत्र संचालकांच्या नेमणुकीवर मत द्या. एकाच्या मताने नेमणूक बदलणार नाही, हे खरे. पण मेटासचा व्यवहार गुंतवणूकदारांच्या आवाजानेच काही तासांत मागे फिरला होता.

आणि ज्यांच्या टेबलावर दर तिमाहीचे निकाल सहीसाठी येतात, त्या मुख्य अधिकाऱ्यांना, वित्त अधिकाऱ्यांना, ऑडिट कमिटीच्या सदस्यांना आमची एकच विनंती आहे. बँकेची शिल्लक कुणी तपासली आणि उत्तर कुणाच्या पत्त्यावर आले, हे विचारा. या तिमाहीत कोणती तक्रार आली आणि तिचे काय झाले, हे विचारा. उत्तराने समाधान झाले नाही तर बैठक लांबवा, निकालाला उशीर लागला तरी चालेल. तुमच्या सहीवर विश्वास ठेवून कुणीतरी आपली बचत तुमच्या हवाली केली आहे. आधी पाहा, मग सही करा.